बुधवारकर

न्यू जर्सीत राहायला आल्यापासून आमचे वार सैल झालेत. संकष्टीला चंद्रोदयाच्या आत जेवणं आटोपतात, गुरुवारचं दत्ताचं देऊळ रविवारी सवडीनं होतं. बुधवार तेवढा गेली तीन वर्षं एकदाही चुकलेला नाही. मुलगा शिकायला टेक्सासला गेला आणि जाताना आपला कॉमिक्सचा रतीब माझ्या गळ्यात अडकवून गेला.

रतीबच म्हणायचा. इकडे त्याला पुल लिस्ट म्हणतात. आपल्याला हव्या त्या मालिकांची नावं दुकानदाराला देऊन ठेवायची. नवा अंक आला की तो आपल्या नावाच्या खणात काढून ठेवतो. दुधाच्या रतिबाशी फरक इतकाच, की हे दूध नासकं निघालं तरी गिऱ्हाईक रतीब तोडत नाही. दर आठवड्याला येऊन ‘मागच्यापेक्षा जास्त नासलंय’ असं बजावतं, पैसे मोजतं आणि घेऊन जातं.

हे मला पहिल्याच बुधवारी समजलं, कारण पहिल्याच बुधवारी मला बुधवारकर भेटला.

त्याला खरं नाव आहे, पण ते सांगून उपयोग नाही. न्यू जर्सीत काय आणि ओहायोत काय, कुठल्याही कॉमिक्सच्या दुकानात बुधवारी दुपारी गेलात तर काउंटरच्या डाव्या कोपऱ्यावर कोपर टेकून तो उभा असतोच. सुपरहिरोंचे नवे अंक सगळ्या अमेरिकेत बुधवारी दुकानात लागतात, म्हणून याचा वार बुधवार. वारकरी शब्दाचा असाही अर्थ निघू शकतो हे मला इतक्या लांब येऊन कळलं. आमच्या दुकानातला बुधवारकर पन्नाशीचा. केस मागे हटलेले, पोट पुढे आलेलं, गळ्यात दोरीला चष्मा. अंगातल्या टी-शर्टवर वटवाघूळ आहे, पण धुऊन धुऊन ते आता कटलेल्या पतंगासारखं दिसतं. प्लंबिंगचं सामान विकणाऱ्यांकडे तो हिशेब लिहितो. इतर दिवशी त्याची जेवणाची सुट्टी अर्ध्या तासाची, बुधवारी दीड तासाची.

“मालक विचारत नाही?”

“विचारलं होतं,” तो म्हणाला. “१९९८ साली.”

दुकान एका बाजूला लाँड्री आणि दुसऱ्या बाजूला पिझ्झा यांच्या मधे आहे, त्यामुळे आत साबण, चीज आणि नवा कागद असा एक मिश्र वास असतो. भिंतीवर त्या आठवड्याचे अंक मुखपृष्ठं दाखवत उभे. बुधवारकर आत आला की आधी कुणाशी बोलत नाही. आमच्या आईला भेंडी घेताना मी पाहिलंय. प्रत्येक भेंडीचं टोक मोडल्याशिवाय ती पिशवीत टाकत नसे. हा टोक मोडत नाही एवढंच. वरचा अंक कधीच घ्यायचा नाही, तो दहा जणांनी हाताळलेला. गठ्ठ्यातला मागून तिसरा ओढायचा, दोन्ही तळव्यांवर काठोकाठ भरलेल्या बशीसारखा तोलून ट्यूबलाइटखाली न्यायचा आणि तिरपा करून पाठीची घडी बघायची. स्टेपलच्या आसपास केसाएवढी पांढरी रेघ दिसली तर तो अंक बाद. कोपरा जरा बोथट असला तरी बाद. देवगडची पेटी उघडून एकेका आंब्याच्या देठाशी नाक नेणारे लोकही शेवटी आंबा खातात. बुधवारकर वाचायला वेगळी प्रत घेतो. ही निवडलेली प्रत पिशवीत जाते, पिशवीत मागून आम्लविरहित पुठ्ठा, पिशवीच्या तोंडाला चिकटपट्टी, आणि मग लांबलचक खोक्यात उभी. एका खोक्यात दोनेकशे अंक मावतात. त्याच्या तळघरात असली खोकी किती आहेत, हे त्यानं मला सांगितलं आणि आपल्या बहिणीला न सांगण्याबद्दल बजावलं. त्याच्या बहिणीला मी ओळखतही नाही.

आमच्या लहानपणी इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळ भाड्यानं मिळायचा. माझ्या हाती येईपर्यंत तो गल्लीतल्या तीस-चाळीस हातांतून फिरलेला असे. पानांवर तेलाची बोटं, घडीत शेवेचा चुरा आणि शेवटचं पान बहुतेक गायब. गुन्हेगाराच्या हनुवटीवर कवटीचा ठसा उमटला की नाही, हे ज्याच्या हाती आधी गेलं होतं त्याला विचारावं लागे. हे मी बुधवारकरला सांगितलं तेव्हा त्यानं छातीवर हात ठेवला. “शेवटचं पान फाडायचे?” एवढंच म्हणाला आणि थोडा वेळ खाली बसला.

निवड आटोपली की चर्चा. ती साडेबाराला सुरू होते. दुकानदार त्यात भाग घेत नाही, कारण त्याचा जीव वेगळ्याच गोष्टीत अडकलेला असतो: इथे न खपलेले अंक परत करता येत नाहीत. आपल्याकडचा पेपरवाला उरलेली रद्दी परत पाठवतो. याला काही आठवडे आधी अंदाजानं मागवायचं आणि चुकलं तर घरी न्यायचं. म्हणून बुधवारकर ‘काय भिकार अंक आहे’ असं जोरात म्हणाला, की तो माणूस आशाळभूतपणे विचारतो, “पण घेणार आहेस ना?”

घेणार असतोच. एका बुधवारी अ‍ॅब्सोल्यूट बॅटमॅनचा नवा अंक आला होता. ही मालिका ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाली. यातल्या ब्रूस वेनकडे ना वाडा, ना वडिलोपार्जित इस्टेट. सरकारी इंजिनिअर असलेला, रेड्यासारखा आडवा-उभा बॅटमॅन. आई जिवंत आहे.

“पैसा नाही तर तो बॅटमॅन कसला?” बुधवारकरनं पहिली सुपारी फोडली. “बॅटमॅन म्हणजे घाव आणि पैसा. दोन्हीतलं एक काढलं की तो नुसता रागीट शेजारी.”

“पण खपतोय,” गल्ल्याशी उभी असलेली एक मुलगी म्हणाली. ती विशीतली. बुधवारकर नव्या माणसाची परीक्षा घेतो. सिनेमे बघून आलेल्यांना तो पहिल्या प्रश्नातच आडवा करतो. तिला त्यानं विचारलं, बॅटमॅन कुणी निर्माण केला? बॉब केन असं उत्तर आलं की हा बिल फिंगरचं नाव काढतो आणि सामना संपतो. तिनं आधी बिल फिंगरच म्हटलं, मग त्याचं नाव अधिकृतपणे छापायला २०१५ साल उजाडावं लागलं हेही सांगितलं, आणि वर विचारलं, “तुम्ही तेव्हा पत्र-बित्र लिहिलं होतं का कंपनीला?” यानं लिहिलं नव्हतं. तेव्हापासून तो तिला खुर्ची देतो.

आणखी एक जण येतो, तो वाचतच नाही. फक्त मुखपृष्ठं घेतो. एकाच अंकाला पाच-सहा वेगवेगळी मुखपृष्ठं असतात. आतला मजकूर तोच. त्यातलं एखादं असं असतं की दुकानानं साधे पंचवीस अंक मागवावेत तेव्हा ते एक मिळावं. या गृहस्थाला सगळ्या भावांचे आकडे पाठ. १९३८ सालचा दहा सेंटचा अ‍ॅक्शन कॉमिक्सचा पहिला अंक, ज्यात सुपरमॅन पहिल्यांदा आला, २०२४ मध्ये ६० लाख डॉलरना गेला, हे तो अशा सुरात सांगतो की जणू त्याच्याच आजोबांनी तो रद्दीत घातला. सुपरमॅन काढणाऱ्या दोन पोरांनी त्याचे हक्क १३० डॉलरना विकले होते, हे मात्र तो सांगत नाही. ते बुधवारकर सांगतो, आणि सांगताना त्याचा आवाज बसतो.

भावांच्या गोष्टी निघाल्या की मग १९९० नंतरच्या वर्षांचं किटाळ निघतं. १९९१ साली एक्स-मेनचा पहिला अंक पाच मुखपृष्ठांत निघाला, ८० लाखांवर प्रती गेल्या. लोकांनी पोराबाळांच्या कॉलेजच्या फीसाठी म्हणून घेऊन ठेवल्या. सगळ्यांनीच जपून ठेवलेली वस्तू दुर्मिळ कशी होईल, हा प्रश्न तेव्हा कुणाला पडला नाही. पुढच्या वर्षी, १८ नोव्हेंबर १९९२ ला, बुधवारीच अर्थात, सुपरमॅन मेला. अंक काळ्या पिशवीत बंद, आत दंडाला बांधायची काळी पट्टी. आता दुखवट्याची पट्टी बांधायची तर पिशवी फोडायला हवी, आणि पिशवी फोडली की अंकाची किंमत गेली. त्यामुळे देशभर लोकांनी पिशवी न फोडता शोक केला. बुधवारकरनं तीन प्रती घेतल्या होत्या: एक वाचायला, एक ठेवायला, एक रडायला. वर्ष उलटायच्या आत सुपरमॅन परत आला. पट्टी अजून आहे.

“मग दर वेळी मरतात आणि परत येतात, तर तुम्हाला वाईट कसलं वाटतं?” मी एकदा विचारलं.

“गणपती तुम्ही दर वर्षी बुडवता, तुमच्या मुलानं सांगितलंय मला,” तो म्हणाला. “तेव्हा रडत नाही?”

यावर मी लाँड्रीच्या भिंतीकडे पाहत राहिलो.

मात्र वाराला धक्का लागलेला त्याला खपत नाही. २०२० मध्ये महामारीत अंकांची वाहतूकच थांबली, एप्रिल-मेमधले सात आठवडे नवं फारसं काही आलं नाही. ते त्यानं सोसलं. युद्धात लोक काय काय सोसतात. पण त्यातून बाहेर पडताना डीसी कंपनीनं वितरक बदलला आणि आपले अंक मंगळवारी आणायला सुरुवात केली. बॅटमॅन मंगळवारी, स्पायडरमॅन बुधवारी. अर्ध्या गावानं एकादशी एका दिवशी धरावी आणि अर्ध्यानं दुसऱ्या, तसं झालं. स्मार्त आणि भागवत. बुधवारकर भागवतच, तो मंगळवारी गेलाच नाही. बॅटमॅनचा अंक दुकानात आलाय हे माहीत असून चोवीस तास कळ काढायचा. चार वर्षं. जुलै २०२४ मध्ये डीसी पुन्हा बुधवारवर आली तेव्हा त्यानं दुकानात केक आणला होता. त्यावर काहीही लिहिलेलं नव्हतं. “सगळ्यांना माहीत आहे,” म्हणाला.

माझ्याकडून त्याची एक वेगळी अपेक्षा होती, ती मी पुरी करू शकलो नाही. २००४ साली भारतातला एक स्पायडरमॅन निघाला होता: मुंबईत राहणारा पवित्र प्रभाकर. पीटर पार्करवरून पवित्र प्रभाकर. घरी माया काकू आणि भीम काका. याला कोळीबिळी चावत नाही, एक योगी येऊन शक्ती देतो. आपल्याकडे कोळी चावला तर फार तर पुरळ उठते हे त्या लेखकांना बरोबर ठाऊक होतं. पोशाख वरून कोळ्याचा, खाली धोतर. बुधवारकरनं ते अंक माझ्यासाठी खास आणले, पिशवीतून न काढता दाखवले आणि विचारलं, “कितपत अस्सल?”

मी म्हटलं, प्रभाकर हे बापाचं नाव शोभेल, आडनाव म्हणून जरा जड जातंय. आणि धोतर नेसून भिंतीवर चढणाऱ्या माणसाच्या खाली उभं राहून मुंबईकरांनी वर बघायचं की नाही, हा प्रश्न आहेच.

तो हसला नाही. त्यानं वही काढून टिपून घेतलं. त्याला दुसरीच काळजी होती: हे कॅननमध्ये धरायचं का? कॅनन म्हणजे खरं घडलेलं म्हणून मानायचं ते. आणि नवा लेखक येऊन ‘मागं जे घडलं ते तसं नव्हतंच’ असं घुसडतो, त्याला हे लोक रेटकॉन म्हणतात. मला शब्द पटकन सुचला: प्रक्षेप. पुण्याच्या भांडारकर संस्थेत महाभारतातले प्रक्षेप बाजूला काढून चिकित्सक आवृत्ती सिद्ध करायला १९१९ पासून १९६६ पर्यंत विद्वानांच्या पिढ्या खपल्या. बुधवारकर तेच काम काउंटरला टेकून करतो, आणि त्याच्या महाभारतात दर बुधवारी नवे श्लोक पडत असतात.

सगळ्या प्रक्षेपांत एक प्रक्षेप त्याच्या काळजात आहे. तो विषय निघाला की दुकानदार आपणहून पिझ्झा आणायला जातो.

पीटर पार्करचं, म्हणजे स्पायडरमॅनचं, लग्न. १९८७ साली वार्षिक अंकात त्याचं मेरी जेनशी लग्न लागलं, आणि कंपनीनं ते न्यूयॉर्कच्या शे स्टेडियमवर बेसबॉलच्या सामन्याआधी खरोखरची माणसं उभी करून लावलं. पौरोहित्याला साक्षात स्टॅन ली. तेव्हा बुधवारकर बारा वर्षांचा, वडिलांच्या शेजारी, वरच्या स्वस्त रांगेत. तिथून नवरा-नवरी मुंगीएवढी दिसत होती. वडील हॉट डॉग खात म्हणाले होते, पोरगी चांगली आहे.

आणि २००७ साली ते लग्न मोडलं. मोडलं म्हणजे घटस्फोट नाही; घटस्फोट चालला असता, त्याचा स्वतःचा झालेला आहे. पीटरला वाढवणाऱ्या मे काकूला गोळी लागली, ती मरणाच्या दारात, तेव्हा तिला वाचवण्यासाठी पीटर आणि मेरी जेननं आपलं लग्न सैतानाला देऊन टाकलं. ते लग्न झालंच नव्हतं असं जग उलटंपालटं झालं. गोष्ट लिहिणाऱ्या लेखकालाही तो शेवट पटला नव्हता. बुधवारकर त्या दिवशी दुकानात ओरडला, रतीब बंद करतो म्हणाला, आणि गेली सतरा-अठरा वर्षं तो रतीब दर बुधवारी बंद होतोय.

इतकं सगळं असल्यामुळे फेब्रुवारीतल्या त्या बुधवारी काय झालं ते सांगितलं पाहिजे.

माझी बायको कधी दुकानात येत नसे. मी अंक उचलेपर्यंत ती गाडीत बसे, मग आम्ही एडिसनला ओक ट्री रोडवर भाजी आणायला जायचो. त्या दिवशी थंडी अशी होती की गाडीत बसवेना. ती मफलर गुंडाळून आत आली, हीटरपाशी उभी राहिली आणि “अहो, लवकर आवरा, मेथी संपते” म्हणाली.

बुधवारकर त्या दिवशी लग्नाचा वार्षिक अंक घेऊन आला होता. १९८७ चा, त्यानं स्वतः घेतलेला. त्या अंकाला दोन मुखपृष्ठं होती, एकावर मुखवट्यातला नवरा, एकावर साध्या सुटातला. यानं सुटातला आणला होता. दुकानामार्फत तो प्रतवारीला पाठवायचा होता. तिथले तज्ज्ञ अंक तपासून दहापैकी आकडा देतात आणि जाड प्लास्टिकच्या पेटीत कायमचा सीलबंद करतात. त्यानंतर तो बघता येतो, विकता येतो, वाचता येत नाही. ९.८ मिळेल अशी याची आशा. अडतीस वर्षांपूर्वी एकदा वाचून ठेवलेला अंक, त्यानंतर उघडलेला नाही. फॉर्म भरून झाला होता, काउंटरवर अंक आणि शेजारी त्याचे हातमोजे.

“लग्नाचं आहे का पुस्तक?” बायकोनं सौजन्य म्हणून विचारलं.

बस्. सतरा वर्षांचं साचलेलं पाणी सुटलं. दुकानदार पिझ्झ्याकडे निघाला. बायकोनं सगळं ऐकून घेतलं. रोज रात्री मराठी मालिका बघणाऱ्या बाईला सैतानाचं काही विशेष वाटत नाही. ती मधे मधे फक्त ‘बरं’ म्हणत होती. शेवटी तिनं विचारलं, “काकूचं वय काय?”

दुकान शांत झालं. खुर्चीवरची मुलगी म्हणाली, “१९६२ सालीसुद्धा तिचे केस पांढरेच होते.”

“आणि याआधी कधी आजारी-बिजारी?”

“एकदा वारली होती,” बुधवारकर कबुली दिल्यासारखा म्हणाला. “१९९५ साली, ४०० व्या अंकात. फार सुरेख वारली होती. मग तीन वर्षांनी म्हणाले, ती काकू नव्हतीच, काकूचं सोंग घेतलेली नटी होती.”

“म्हणजे बाईंचं सगळं झालेलं होतं,” बायको म्हणाली. “आणि हे सगळं ठरवताना त्यांना विचारलं का कुणी?”

“त्या बेशुद्ध होत्या.”

“शुद्धीवर असत्या तर त्यांनीच दोघांना धरून बदडलं असतं. माझ्यासाठी सोन्यासारखा संसार मोडता होय रे, म्हणून. आमच्या आत्याबाईंनी नसतं ऐकून घेतलं.” मग ती माझ्याकडे वळून मराठीत म्हणाली, “कुणा पुरुषानं लिहिलेलं दिसतंय.”

ते मी भाषांतर करून सांगितलं. बुधवारकरनं चष्मा काढला. हेच वाक्य तो सतरा वर्षं वेगवेगळ्या शब्दांत सांगत होता, आणि इथे एका बाईनं एकही अंक न वाचता, मेथीच्या घाईत, दोन मिनिटांत निकाल दिला होता. नव्या अल्टिमेट मालिकेत पीटरला बायको आणि दोन मुलं आहेत, आणि तिथे काकू गेलेली आहे, हे तो सांगायला लागला. ‘मग बरोबर आहे’ असं बायको म्हणाली. शे स्टेडियमची हकिकतही त्यानं सांगितली. वडिलांसकट.

“अय्या, म्हणजे तुम्ही अक्षता टाकलेल्या,” ती म्हणाली. अक्षता म्हणजे काय ते मला सांगावं लागलं. लग्नात पाहुणे नवरा-नवरीवर तांदूळ टाकतात, आपणही त्यातले असं होतं. बुधवारकर मान हलवत राहिला. “हो,” म्हणाला. “टाकल्या होत्या.”

“बघू तरी लग्न कसं झालं ते.”

त्यानं हातमोज्यांकडे पाहिलं, फॉर्मकडे पाहिलं. मग चिकटपट्टी नखानं अगदी हळू सोडवली, अंक पुठ्ठ्यावरून सरकवून बाहेर काढला आणि तिच्या पुढ्यात काउंटरवर ठेवला. मुलगी खुर्चीवरून उठली. मुखपृष्ठं जमवणारा गृहस्थ चार पावलं मागे सरकला, अपघाताच्या जागेपासून माणूस सरकतो तसा.

बायकोनं मफलर सैल केला, अंक उघडला. पहिली काही पानं तिनं नुसती डोळ्यांखालून घातली. मारामारी तिला नको होती. “लग्न कुठे आहे?”

“शेवटाकडे.”

तेव्हा तिनं उजव्या हाताची तर्जनी जिभेला लावली.

मी डोळे मिटून घेतले. कागदाचा आवाज आला. एक पान, दुसरं, तिसरं. दर पानाला बोट जिभेला. डोळे उघडले तेव्हा बुधवारकर त्या ओल्या बोटाकडेच बघत होता, आणि त्याच्या हातातला फॉर्म चुरगळला होता.

“ही का मे काकू?” बायकोनं विचारलं.

“हीच.”

“छान दिसतायत हो. आणि हा कोण तोंड वाकडं करून?”

“तो पीटरचा पेपरातला साहेब,” बुधवारकर चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवत जवळ सरकला. “थांबा, एक पान मागे घ्या, मी सांगतो कोण कुणाकडचं ते.”